सुपरवायझर पाहिजे, सप्टेंबरपर्यंत टिकणारा

...आणि वर मलाच विचारतात, "काय लायल, गावात पोरं काय कमी आहेत का?" नाहीत हो कमी! पोरं ढिगानं आहेत. नुसती पाटी लावली की चौदा-पंधरा येतात, नाकाला पांढरं मलम फासतात, गळ्यात शिट्टी अडकवतात, त्या उंच खुर्चीवर चढून बसतात, झाले लाइफगार्ड. तिथं नाही अडत. अडतं कुठं, तुम्हाला सांगतो... पाण्याकडे बघणारे मिळतात हो, पण बघणाऱ्यांकडे बघणारा कुठून आणायचा?

मी लायल ब्रॅन्ड्ट, गावचं उद्यान खातं. खात्यात नाही, खातं! बागेतलं गवत मी कापतो, दफनभूमीतलं मी कापतो, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ मी ढकलतो, नाताळात खांबांवर चढून दिवे मी लावतो, आणि मे महिना संपत आला की तो पोहण्याचा तलाव, तोही माझ्याच गळ्यात. एकोणीसशे लोकांचं गाव, तीन महिन्यांचा तलाव, तीन महिन्यांची नोकरमंडळी, आणि तीही सगळी सोळा-सतरा वर्षांची! त्यांच्यावर एक सुपरवायझर लागतो, अठराच्या वरचा. तो नसला तर फाटकाला कुलूप. नियमच आहे तसा.

मागच्या वर्षी काय झालं? दोन सुपरवायझर होते, दोन्ही कॉलेजचे. नऊ ऑगस्टला एक फुटबॉलच्या सरावाला गेला, दुसरी हॉस्टेलवर गेली, संपलं! बाहेर पारा एकशे तीन फॅरनहाइटवर, आत निळंशार पाणी काठोकाठ, मध्ये कुंपण, आणि कुंपणाबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून अख्खं गाव उभं. पाण्याकडे बघत नव्हते हो, माझ्याकडे बघत होते! मग एकेक गाडी निघाली हॅडलीच्या तलावावर. हॅडली! ज्यांनी आम्हाला अकरा वर्षं फुटबॉलमध्ये लोळवलंय, त्यांच्या पाण्यात आमची पोरं डुंबायला गेली. मला सांगा, ह्यापेक्षा गावाची काय शोभा व्हायची राहिली?

जानेवारीत तलाव समितीची बैठक. अध्यक्ष मिसेस क्विग्ली. ह्या बाई आवाज कधी चढवत नाहीत, तेच जास्त वाईट. शांतपणे म्हणाल्या, "लायल, ह्या वर्षी लेबर डेच्या आत कुलूप लागलं, तर पुढच्या वर्षी ते उघडायचंच नाही. माती आणून भरून टाकू. पार्किंग होईल." लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. आणि पार्किंग कुणासाठी? गावात सिग्नल एक, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा!

तो तलाव अठ्ठावन्न साली गावच्या माणसांनी स्वतः खणला. माझा बाप दर शनिवारी तिथं सिमेंट कालवायचा, आणि त्याला पोहायला येत नव्हतं, बरं का. तरी कालवायचा. मी तिथंच शिकलो, माझी पोरं तिथंच शिकली. मला तो तलाव आवडतो. साठीला टेकलेल्या माणसानं एका खड्ड्याबद्दल असं बोलू नये, पण आवडतो, काय करू?

तर सुपरवायझर. अर्ज किती आले? दोन. एक टेगन, एक ब्रेकन. दोघंही वीस वर्षांची, दोघंही सप्टेंबरपर्यंत गावातच राहणारी, म्हटलं चला, देव पावला! देव कसला पावतोय...

टेगन म्हणजे नुसती साखर. आणि ब्रेकन म्हणजे शिट्टी. त्याला दुसरं काही येत नाही असं नाही, पण त्याला दुसरं काही सुचत नाही. आता ह्या दोघांतून निवडायचं कसं? तोंडी परीक्षेत दोघंही पोपट. म्हणून मी एक शक्कल काढली. आमच्या धंद्यात करतात तसं, खोटं खोटं बुडून बघतात. गार्डनं दहा सेकंदांत ओळखायला हवं, त्यानं नाही ओळखलं तर सुपरवायझरनं त्या गार्डला गदागदा हलवायला हवं. बुडणार कोण? खातं!

जूनचा पहिला आठवडा, पाणी असं गार की दात वाजतायत, आणि मी कामाच्या जीन्ससकट पाण्यात पालथा. मोजतोय. दहा... वीस... तीस... माझी टोपी तरंगत तरंगत पलीकडच्या कडेला लागली, तरी कुणाचं लक्ष नाही! कारण काय, तर एक नंबरच्या खुर्चीवरची पोरगी आणि तीन नंबरच्या खुर्चीवरचा पोरगा, ह्यांचं आदल्याच दिवशी फाटलं होतं, आणि खुर्च्या बरोबर समोरासमोर. पोरगी रडतेय, टेगन खाली उभी राहून तिला टिशू पुरवतेय, "तुला त्याच्यापेक्षा चांगला मिळेल गं..." अगं मिळेल, पण मी मिळणार नाही! शेवटी दंडात फुगे घातलेली एक चिमुरडी पाण्यातून फताक फताक करत आली, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही मेलात का?" म्हटलं, "नाही गं बाळा. पण विचारलंस, बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी ब्रेकन. दुपारपर्यंत त्यानं अकरा पोरं बाकावर बसवली होती. एक पळालं म्हणून, एक फार जोरात हसलं म्हणून, आणि एक का, ते त्या पोरालाही माहीत नव्हतं. मी पाण्यात उतरलो, पालथा पडलो, आणि सात सेकंदांत शिट्टी! ऊर भरून आला हो माझा. म्हटलं, सापडला! बघणाऱ्यांकडे बघणारा सापडला! तेवढ्यात वरून आवाज, "ओ मिस्टर ब्रॅन्ड्ट! तलावात जीन्स चालत नाही! वर या, दहा मिनिटं बाकावर!" त्याला जीन्स दिसली. जीन्समधला माणूस बुडतोय, हे काही त्याच्या नियमात बसत नव्हतं. आणि मी काय केलं? बसलो की दहा मिनिटं. बारावा!

तुम्हाला सांगतो, जेवण जाईना. एकीला माणूस दिसतो, नियम दिसत नाही. एकाला नियम दिसतो, माणूस दिसत नाही. ह्यातलं कोण नेमू? उद्या खरंच कुणाचं पोर तळाशी गेलं तर? पार्किंग परवडलं म्हणायची वेळ यायची. पाण्याकडे बघणारे मिळतात हो...

तिसऱ्या दिवशी सकाळी, टेगनला अजून एक संधी द्यावी म्हणून मी पुन्हा पालथा. त्या वेळी म्हाताऱ्या बायकांचा व्यायाम असतो, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून हात वर, हात खाली. पहिल्या रांगेत आर्लिस टोफ्ट. सदुसष्ट वर्षांची, शाळेची बस चालवते, एकतीस वर्षं झाली. तिची माझ्याकडे पाठ. आणि त्या पाठमोऱ्या बाईनं, हात वर-खाली चालू ठेवून, मान तसूभरही न वळवता म्हटलं, "लायल, ऊठ. तू बुडत नाहीयेस. पण दोन नंबरची पोरगी मांडीवर फोन ठेवून बघतेय, आणि टेगन तिला काही बोलणार नाही."

मी उठलो. दोन नंबरनं फोन लपवला. टेगन लाल झाली. मी विचारलं, "तुला कसं गं दिसलं?" तर म्हणे, "पन्नास पोरं पाठीमागे घेऊन एकतीस वर्षं पुढे बघतेय मी. न वळता दिसलं नसतं तर एक तरी शाळेत पोचलं असतं का?" आणि खरंच सांगतो, त्या चौदाच्या चौदा गार्डना तिनं बसमधून नेलेलं होतं. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, कोण खोटं बोलताना कान खाजवतं, सगळं पाठ. मी तिथंच म्हटलं, सुपरवायझर हो. ती म्हणाली, "मला पोहायला येत नाही."

झालं का! मी नियमांचं पुस्तक घरी नेऊन तीनदा वाचलं. सुपरवायझर अठराच्या वरचा हवा, त्याला प्रथमोपचार यायला हवेत, गार्डची परीक्षा त्यानं घ्यायला हवी... पोहायला यायला हवं असं कुठंही नाही! लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार. समितीत गेलो. मिसेस क्विग्ली म्हणाल्या, लोक हसतील. म्हटलं, गेल्या ऑगस्टपासून हसतायतच. मतं पडली, चार विरुद्ध तीन. आर्लिस टोफ्ट, सुपरवायझर!

मी नाचायचा बाकी होतो. तिच्या हातात किल्ल्या दिल्या आणि सहज म्हटलं, "मग आता लेबर डेपर्यंत काळजी नाही." ती म्हणाली, "बावीस ऑगस्टपर्यंत. तेवीसला शाळा उघडते. बस कोण चालवणार?"

अहो, पोरं शाळा-कॉलेजला जातात म्हणून मी शाळेच्या बसवाल्या बाईला नेमलं! मी नेमलं, सात जणांच्या समितीनं मतं टाकली, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. तीन दिवस खोटा बुडत होतो ना? त्या क्षणी मी खरा बुडालो.

म्हटलं, "आर्लिस, शेवटचे दोन आठवडे काय करू? टेगन? ब्रेकन?" ती म्हणाली, "ती दोघं खुर्चीवर चांगली आहेत. पोरं त्यांच्या भरवशावर मी नाही सोडणार. साडेचारला बस लावून मी येईन. तोवर दिवसाचं तू बघ. तू गावातच असतोस. तुला आता कुठलं कॉलेज घेणार आहे?" बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हटलं, बघतो. वाटलं, सुटलो. पण ही बाई कसली! म्हणाली, "मग उद्या सकाळी सहाला ये. परीक्षा."

कसली परीक्षा, तर गार्डची. दोनदा तलाव पार करायचा आणि बारा फूट खोल तळाशी ठेवलेली दहा पौंडांची रबरी वीट वर आणायची. म्हटलं, "अगं, मी खातं आहे! आणि तुला स्वतःला पोहायला येत नाही, तुला वीट नाही, मला वीट?" तर तिनं माझ्याकडे बघितलं, ह्या वेळी चांगली वळून बघितलं, आणि म्हणाली, "मला येत नाही हे मला माहीत आहे, लायल. तुला येतं असं तुला वाटतंय. पोरांना धोका कुणाचा जास्त?"

उतरलो पाण्यात. जाताना बरा गेलो. विटेला हातही लागला, पण वर येताना वीट एकीकडे आणि मी एकीकडे. नापास! खाली नाव लिहिलंन, शेरा लिहिलान, आणि नियमानं, परीक्षा पास होईपर्यंत, माझ्याच तलावात मला उथळ बाजूला ठेवलंन. दोरीच्या अलीकडे! त्या दंडात फुगेवाल्या चिमुरडीच्या शेजारी!

आज सव्वीस दिवस झाले. रोज सकाळी सहाला बुडी मारतो. टेगन काठावरून म्हणते, "मिस्टर ब्रॅन्ड्ट, कालपेक्षा छान होतं हं!" ब्रेकन शिट्टी मारतो. आणि आर्लिस कॉफी पीत पाठमोरी उभी असते आणि म्हणते, "कोपर." तेवीस ऑगस्टला एकोणचाळीस दिवस उरलेत. वीट निघाली तर तलाव राहतो, नाही निघाली तर माती. मला झोप येत नाही, कान ठणकतात, बायको म्हणते जेवताना मी श्वास रोखून धरतो.

आणि बघणाऱ्यांकडे बघणारा कुठून आणायचा म्हणून मी बोंब मारत होतो ना? आता ती पण अडचण उरली नाही. सकाळी सहाला कुंपणापाशी पाय ठेवायला जागा नसते, मिसेस क्विग्ली घडीची खुर्ची घेऊन येतात, आणि काल तर हॅडलीहून दोन गाड्या आल्या होत्या... मला बघायला.