झाडाला कळतं म्हणणारी पुस्तकं

नाही, थांब जरा, अनुजा. देतो पुस्तक, पण आधी सांग — आठवडाभरात चार नेलीस, आता पाचवं मागतेस, आणि सगळी झाडांचीच? चाळीच्या वाचनालयात ही फँटसीची पुस्तकं वर्षानुवर्षं धूळ खात पडलीत, कोणी हात लावत नाही — आणि अंगणातला उंबर सुकायला लागल्यापासून तुला बरी आवड निर्माण झाली? एकोणतीस वर्षं या खुर्चीत बसतोय मी. कोण काय नेतं आणि कशाला नेतं, मला बरोबर कळतं.

हसू नकोस. वाचलीत मी सगळी. एकात वेली कोडी घालतात. एकात अख्खं जंगल राजाला झोपवून टाकतं. एकातलं ते चिंचेचं झाड तर रिटायर्ड हेडमास्तरासारखं येईल त्याला उपदेश करत सुटतं. अगं, झाडाला अक्कल द्यायची तर माणसाचीच कशाला? माणसासारखं बोलायचं, माणसासारखा डूख धरायचा — झाडाची स्वतःची अक्कल काय असते, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही, म्हणून आपलीच उचलून त्याला चिकटवतो. आणि हे आज परत आणलंयस ते — यात काय, तर घाव घालणाऱ्याचं नाव झाड आपल्या सालीवर उमटवतं. नेमका त्याच पानाचा कोपरा दुमडलाय. मुद्दाम ना? मला दिसावा म्हणून?

खरं सांगू, झाडाला काही कळत नाही. कळलं असतं तर त्याच दिवशी मान टाकली नसती? सतरा दिवस हिरवंगार उभं होतं. सतरा म्हणजे — अंदाजे गं, मोजत कोण बसतंय. वाळवी लागली असेल, ऊन काय कमी आहे? आता तो तळमजल्यावरचा जगन म्हणतो, खोडाला भोक पाडून कोणीतरी हिंग भरला असणार, गावाकडे झाड मारायला भरतात तसा — जगन नाही म्हणाला? मग तू म्हणालीस आत्ता. तूही नाही? तू फक्त सुकलं म्हणालीस? बरं. मग मीच वाचलं असेल कुठेतरी.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तुमचं काय जातंय, धडाधड जिने उतरता. बिल्डर म्हणतो, उंबर मधोमध आहे, परवानगी अडकलीय, नवी इमारत कधी होईल सांगता येत नाही. आमची ही, कौसल्या, अडीच वर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली आलेली नाही. गुडघेच गेले तिचे. होळीच्या आदल्या दिवशी शिवडीला तिची सख्खी बहीण वारली — हिला खुर्चीत बसवून उतरवायला चार माणसं गोळा करेपर्यंत तिकडे घेऊन गेलेसुद्धा. तोंड बघायला मिळालं नाही. भांडली नाही, रडली नाही. गॅलरीत जाऊन बसली, त्या उंबराकडे तोंड करून. तिथेच बसते रोज, काहीबाही पुटपुटत असते त्याच्याशी. त्या दिवशी ठरवलं मी, हिला लिफ्ट मिळालीच पाहिजे, मग काय वाट्टेल ते होवो. दर गुरुवारी त्याच उंबराला दिवा लावतो गं मी. पण केलं. आता जा, लिही महापालिकेला अर्ज, घाल माझं नाव. त्यासाठीच तर चाललंय ना हे सगळं, झाडांची पुस्तकं नेणं, पानं दुमडणं?

काय?

तू नाही वाचत? मग कोणासाठी नेतेस — कौसल्या मागवते? दुपारी मी इथे असतो तेव्हा तू वर जाऊन तिला वाचून दाखवतेस? मला कधी बोलली नाही ती. आणि तो कोपरा — तिने दुमडला? तेवढंच पान तीनदा वाचायला लावलं? मग काय म्हणाली?

नुसतं पुस्तक मिटून तुझ्या हातात दिलं?

हे घे पाचवं. सही राहू दे. वर जा, वाट बघत असेल ती. मी आहे म्हणावं इथे... नको, काही सांगू नकोस. जा तू. आणि जाताना दार ओढून घे.