सातवीचा उजेड

नाही हो, तुमच्या अँटिबॉडीत खोट नाही — बसा ना, उभ्या उभ्या काय विकता — खोट असती तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आलीय माझ्यावर. मागच्या खेपेला नमुना ठेवून गेलात ना, त्याची चाचणी केली मी. शेजारी आमची लावली, सातवी. हसू नका, नावच आहे तिचं. प्रयोगाच्या ताटलीतल्या सातव्या खळग्यातल्या पेशींनी बनवली म्हणून सातवी. आमच्या ह्यांनी शोधली, तरुणपणी. डीएनएच्या धाग्याला बिलगून बसणारं ते एक प्रथिन, तेवढंच ओळखायचं आणि तिथेच चमकायचं — दुसरं काम नाही तिला. लग्नानंतर आम्ही कुठे म्हणून गेलो नाही. का? तर पेशींना खायला कोण घालणार! सासूबाई म्हणायच्या, तुझी सवत त्या उबदार पेटीत बसलीय. खरंच होतं ते. मीही तिच्यावर चरफडायचे, आणि ह्यांना ताप आला की मीच यायचे तिला बघायला.

हे गेले, आणि त्याच सुमारास द्रव नायट्रोजनची टाकी कोरडी पडली — कुणाचं लक्ष असणार तेव्हा? गोठवून ठेवलेल्या पेशी सगळ्या मेल्या. एका नळीच्या तळाशी सातवी थोडी उरली होती, तेवढी मी जपली. पण तुमची वापरायची, तर जुनं काम नव्याशी जुळतं का ते बघायला नको? म्हणून काढली. शेवटचा थेंब हो, नळी उलटी करून घेतला. एका काचपट्टीवर नेहमीच्या पेशी, दुसरीवर ज्यांच्यातून ते प्रथिनच काढून टाकलंय अशा. ह्यांच्या वेळी अशा पेशी करताच येत नव्हत्या. आता त्या दुसरीवर काय दिसायला हवं? अंधार. तुमचीनं दाखवला की, काळाकुट्ट.

आमची चमकत होती.

म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय. इतकी वर्षं ती भलत्याच कुणालातरी ओळखत होती, आणि आम्ही दोघं तिच्या भरवशावर लिहीत गेलो, शिकवत गेलो. कुणाला सांगितलं नाही अजून. तुम्हालाही सांगणार नव्हते, कसं निघालं तोंडातून कोण जाणे. काचपट्टी धुऊन टाकली असती तर कुणाला पत्ता लागला असता? कुणालाच नाही. पण हे असते तर दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला सांगून मोकळे झाले असते — आणि रात्री जेवले नसते. मी ताट वाढून बसले असते समोर. ते जमलं असतं मला. हे आता एकटीनं सांगायचं, त्यांच्या माघारी, त्यांच्याविरुद्ध, ते नाही हो जमत. सांगणार आहे. उद्या सांगणार आहे. पण जीव तुटतो.

नको, रुमाल नको. तुमच्या दोन कुप्या पाठवून द्या, चांगली आहे तुमची, खरी आहे. निघा आता. आणि हे बघा, जाताना त्या आतल्या खोलीतला दिवा लावू नका. काचपट्टी अजून सूक्ष्मदर्शकाखालीच आहे. उजेडात सातवी विझते.