मिल्काबाईचं तिसरं गाडगं

ज्याचा नाही दोष । त्याने का सोसावे ।
आम्हीच निजावे । सुखे कैसे ॥

हां! बसा, बसा मंडळी! मागं उभे राहिलेत ते या की पुढं! पुढं बसलेल्याला मी प्रश्न विचारतो हे खरं — पण उत्तर आलं नाही म्हणून अजून कुणाला घरी पाठवलं नाही! शांतवन मास्तर, पेटी जरा हळू घ्या. आज उत्तम शुक्रवार आहे, येशूच्या मरणाचा दिवस, वरात नाही.

तर पहिला प्रश्न. चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला — चालेल का तुम्हाला? नाही ना! मलाही नाही चालत! मी चौथीत असताना वर्गात शाई सांडली होती. सांडली लूकनं, आणि मास्तरांनी छडी मारली कुणाला? मला! ह्याच हातावर! चाळीस वर्षं झाली मंडळी, अजून सांगत फिरतोय — मी नव्हतो हो, तो लूक होता! हसताय काय? तुमच्याकडंही आहेत असल्या छड्या. सगळ्यांकडं असतात.

एका छडीचं हे एवढं! आणि आज आपण ज्याच्यासाठी उपाशीपोटी बसलोय, त्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? आंधळ्याला दृष्टी दिली, भुकेल्याला भाकर दिली, ज्याला गावानं हाकललं त्याच्या शेजारी जेवायला बसला. त्याच्या पाठीची चामडी सोलली, हातापायांत खिळे ठोकले — आणि त्यानं एकदासुद्धा म्हटलं नाही की मी नव्हतो, तो होता! का नाही म्हटलं? निर्दोष माणसानं एवढं गप्प का सोसावं?

ह्याची मोठी मोठी उत्तरं विद्वानांकडं आहेत. मी आपला तुम्हाला एका बाईकडं घेऊन जातो. तिचं नाव मिल्का. ही बाई शास्त्रात शोधू नका, सापडायची नाही! नाव मी ठेवलंय, आणि गोष्टही पुष्कळशी माझ्या मनातली आहे. पण त्या टेकडीवर कुणीतरी बोळ घातलेला द्राक्षारस त्याच्यापुढं केला होता, एवढं लिहिलेलं आहे. आता मला सांगा, तो काय आपोआप पुढं आला असेल? कुणाचा तरी हात असेलच की!

बोळ कळला ना? ए आयाबायांनो, बाळंतिणीला हिराबोळ देता ना? तोच तो. कडूजार! इकडं जन्म देणारीला देतात आणि तिकडं यरुशलेमात मरणाऱ्याला देत. ज्याला क्रुसावर द्यायचं त्याला आधी बोळाचा द्राक्षारस पाजायचा, म्हणजे अंग बधिर होतं, डोळ्यांवर गुंगी येते, खिळ्यांची कळ कमी लागते. हे काम तिथल्या काही बाया धर्म म्हणून करत. त्यांचे नियम दोनच — ह्यानं काय गुन्हा केला हे विचारायचं नाही, आणि माप सगळ्यांना सारखं घालायचं. चोर असो, खुनी असो, एका माणसाला एक खडा.

मिल्काबाई अकरा वर्षं हे काम करत होती. विधवा बाई, हाताला चव होती आणि मनाला माया. अकरा वर्षांत तिनं कुणाला विचारलं नाही, बाबा, तू काय केलंस? आणि बाराव्या वर्षी, सणाच्या आदल्या सकाळी, तिच्या चुलीपुढं तीन गाडगी मांडली होती. तीन माणसं, तीन खडे.

त्यातलं एक गाडगं तिच्या स्वतःच्या लेकाचं होतं.

हो मंडळी! एकुलता एक लेक, अबनेर. पोरगा वाईट नव्हता हो. पण बरब्बा नावाचा एक दांडगा होता, त्याच्या नादी लागला. आधी वाटमाऱ्या, मग एक दिवस दंगल, त्यात एक माणूस मेला. त्या दिवशी अबनेर आईच्या दारात आला आणि आईनं दार उघडलं नाही! आतून म्हणाली, "रक्ताच्या हातानं माझ्या उंबऱ्याला शिवू नकोस." तो गेला. मग पकडला गेला. आणि आता उजेडाबरोबर शिपाई त्याला टेकडीवर नेणार होते, बरब्बाच्या शेजारच्या क्रुसावर.

मिल्काबाईनं खडा उचलला, खलात टाकला, कुटला. पहिल्या गाडग्यात घातला. दुसरा खडा कुटला. दुसऱ्या गाडग्यात घातला. तिसरा खडा हातात घेतला. हा कुणाचा? बरब्बाचा! ज्यानं माझं पोर नासवलं त्याचा! मी त्याला गुंगी देऊ? मी?

तिनं तिसरा खडाही कुटला — आणि पुन्हा पहिल्या गाडग्यात घातला! अबनेरच्या! बरब्बाच्या गाडग्यात नुसती आंब ओतली, आंबलेला द्राक्षारस. बोळ नाही, काही नाही. लागू दे कळ! एकेक खिळा कळू दे त्याला! अबनेरच्या गाडग्याच्या फडक्याला तिनं खुणेची दुहेरी गाठ मारली.

करू नये ते केलं, हे तिला कळत होतं. पण मंडळी, बोटं नका दाखवू. तुमचं लेकरू असतं तर तुम्ही काय केलं असतं ते मनात ठेवा, मोठ्यानं सांगू नका.

तेवढ्यात तामारबाई आली. ही त्या बायांमधली वडीलधारी. दारातच थांबली. म्हणाली, "मिल्का, आज तू येऊ नकोस गं. आज मी देते."

"माझ्याच हातचं जाऊ दे त्याच्या पोटात, तामारबाई. दार मी लावलं होतं. निदान एवढं तरी करू द्या."

तामारबाईनं डोळे पुसले. गाडग्यांकडं पाहिलं. "माप सारखं घातलंस ना बाई?"

"घातलं," मिल्का म्हणाली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलली.

रस्त्यावर ही गर्दी! सणाला आलेली माणसं, शिपाई, धूळ. मिल्का गाडगी छातीशी धरून पुढं घुसली. पहिला आला अबनेर. केवढा वाळला होता! तिच्याकडं पाहिलं त्यानं आणि मान खाली घातली. मागून दुसरा चोर आला. मग तिनं डोळे ताणले. आता बरब्बा येईल! आता बघते त्याच्याकडं!

आणि आला कोण? डोक्यात काटे घातलेला, अंगभर रक्त, पाय ओढत चाललेला — पण हा बरब्बा नव्हे!

"अगं, हा कोण?" तिनं शेजारच्या बाईचा दंड धरला. "बरब्बा कुठाय?"

"सोडला त्याला! सणाला एक कैदी सोडतात ना, लोकांनी बरब्बाला मागून घेतला. त्याच्या जागी ह्याला चढवतायत. हा नासरेथचा येशू गं!"

आणि मग मिल्काबाईनं तो प्रश्न विचारला. अकरा वर्षांत कधी विचारला नव्हता तो. "ह्यानं काय केलं?"

ती बाई रडायलाच लागली. "काही नाही गं! काहीसुद्धा नाही! सुभेदार पिलात स्वतः म्हणाला, मला ह्याच्यात दोष दिसत नाही. ह्याचं रक्त माझ्यावर नको म्हणून चारचौघांत हात धुतले त्यानं! माझी जाऊ रक्तस्रावानं बारा वर्षं झिजत होती, कुणी शिवत नव्हतं तिला. गर्दीत ह्याच्या कपड्याला हात लावला आणि बरी झाली. आणि हा तिला काय म्हणाला माहितीये? मुली म्हणाला! मुली!"

मंडळी, मिल्काची काय अवस्था झाली असेल? तिसरं गाडगं तिच्या हातात! जे बरब्बासाठी वैरानं भरलं होतं, त्यात बोळाचा कण नाही — आणि ते आता ह्या बिनदोषाच्या वाट्याला!

टेकडीवर पोचेपर्यंत तिच्या मनात नुसती ओढाताण. ह्याला अबनेरचं द्यावं, तर पोटचा गोळा तडफडणार. अबनेरचं अबनेरला द्यावं, तर हा तडफडणार, आणि ते माझ्यामुळं! ह्याच्या वाट्याचा खडा मी माझ्या लेकाच्या गाडग्यात घातलाय! शिपाई ओरडला, "चला गं बायांनो, आटपा! पाजायचं ते पाजा!"

दुसऱ्या चोराला तामारबाईनं पाजलं. मिल्का उभी राहिली दोघांच्या मधे. एकीकडं अबनेर, एकीकडं येशू. देवा, आईला असं कुणी उभं करू नये!

तिनं दुहेरी गाठ सोडली. आणि वळली येशूकडं. त्याच्या ओठांना गाडगं लावलं. "घ्या बाबा," ती म्हणाली. "दोन खडे आहेत ह्यात. एक तुमचाच आहे."

त्यानं ओठ लावले. चव घेतली. आणि त्याला कळलं! त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही हो — आपण लेकराकडं पाहतो ना तसं. मग हळूच मान हलवली. नको. आणि नजर वळवली अबनेरकडं. त्याला दे.

मिल्का रडत रडत लेकाकडं धावली. "घे रे राजा! पटकन घे! त्यानंच पाठवलंय तुला!"

अबनेरनं एक घोट घेतला. फक्त एक. "तुझ्या हातचं आहे म्हणून," म्हणाला. "पुरे आता."

"अरे, अजून घे! माझ्या गळ्याची शपथ! तुला सोसायचं नाही!"

"आई, मी माणूस मारलाय. मला निदान कळू तरी दे. पण त्यानं का नाही घेतलं गं? त्यानं तर काहीच केलं नाही. शुद्धीवर राहून हा करणार काय, ते मला बघायचंय."

तिनं पुष्कळ विनवलं. पोरगा ऐकेना. शिपायांनी तिला मागं ढकललं आणि हातोडा वाजायला लागला. मी ते सांगत नाही, मंडळी. तुम्ही डोळे मिटा. मिल्कानंही मिटले होते.

क्रूस उभे राहिले. लोक येशूला हसत होते, थुंकत होते. तो काय म्हणाला? वरच्या बापाला, देवाला म्हणाला, ह्यांना माफ कर, हे काय करतायत ते ह्यांना समजत नाही! हे अबनेरनं ऐकलं. पलीकडचा चोर शिव्या द्यायला लागला, तेव्हा हा ओरडला, "गप! आपण केलं ते भोगतोय. ह्यानं काय केलंय?" आणि मग मान वळवून, जेवढी वळेल तेवढी वळवून म्हणाला, "येशू, तुमचं राज्य येईल तेव्हा माझी आठवण ठेवाल का?"

आणि येशूनं काय सांगितलं? नंतर कधी नव्हे — आजच! आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील!

खाली मिल्का ऐकत होती. तिनं जे दार लावलं होतं ना लेकाच्या तोंडावर, त्याच्या कितीतरी मोठं दार ह्यानं उघडलं! मंडळी, ते दोन खडे अबनेरच्या पोटात गेले असते तर? गुंगीत पडला असता पोरगा. ना विचारलं असतं, ना ऐकलं असतं. आई त्याचं दुःख टाळायला निघाली होती, आणि त्याला मिळालं ते त्या दुःखात डोळे उघडे राहिल्यामुळं मिळालं. पण त्याच्याहून जास्त डोळे उघडे कुणी ठेवले? ज्याला ठेवायची काहीच गरज नव्हती त्यानं!

आणि अजून एक राहिलं. ते तिसरं गाडगं.

ते तसंच तिच्या पायाशी होतं. दुपार टळत आली. येशूचा घसा कोरडा पडला आणि तो म्हणाला, "तहान लागलीय." शिपायानं इकडंतिकडं पाहिलं, तिसरं गाडगं उचललं, फडकं काढलं आणि स्पंज बुडवला.

मिल्का किंचाळली! "अहो, ते नको! ते देऊ नका त्यांना! ते मी रागानं भरलंय! त्यात काही नाही हो!"

तिचं कोण ऐकतंय? स्पंज वर गेला, त्याच्या ओठांना लागला.

आणि मंडळी — ते त्यानं घेतलं.

कळ थांबवणारं नाकारलं. आणि बाईनं वैरानं भरलेलं, बरब्बाच्या नावानं ठेवलेलं, ते मात्र चोखून घेतलं. मग म्हणाला, झालं, पुरं झालं. आणि मान टाकली.

मिल्का जमिनीवर बसली. रिकामं गाडगं तिच्यापुढं पडलेलं. शेजारी तामारबाई येऊन बसली, तेव्हा तिनं सांगून टाकलं, "माप सारखं नव्हतं, तामारबाई." तामारबाईनं तिला जवळ घेतलं, आणि दोघी तिथंच बसून राहिल्या अबनेरचे श्वास संपेपर्यंत.

कळलं का आता, निर्दोषानं गप्प का सोसलं? तो बोलला असता, "मी नव्हतो, तो होता," तर ते गाडगं बरब्बाला गेलं असतं. मिल्काला गेलं असतं. तुम्हाला-मला आलं असतं. त्यानं बोट दाखवलं नाही, म्हणून आपण आज इथं बसलोय.

आता तुमच्याकडं वळतो. प्रत्येकाच्या घरात एक तिसरं गाडगं असतं, मंडळी! कुणाची वहिनी, कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा शेजारी. सगळ्यांना माया वाढायची, आणि त्याच्या वाट्याला आंब! बोला, कुणाचं आहे? बरं, मी माझं सांगतो.

मघाशी छडीचं सांगितलं तेव्हा हसलात ना? त्या एका छडीवरून सुरू झालं, मग हे निमित्त, मग ते निमित्त. चार वर्षांमागं लूकची आई वारली. ती माउली मला लहानपणी जवळ बसवून भाकरी खाऊ घालायची. आणि मी तिच्या मातीला गेलो नाही. गावात होतो, तरी गेलो नाही. का? तर लूकचं तोंड बघायचं नाही! आणि हा मी, तुम्हाला माफीचं कीर्तन सांगणारा!

लूक मागं खांबाला टेकून बसलाय. मी आल्यापासून बघतोय त्याला.

लूक, माझं चुकलं रे बाबा. ऊठ. ये इथं पुढं. वाट द्या हो त्याला. शांतवन मास्तर, डोळे नंतर पुसा, सूर धरा! ये, बस माझ्याशेजारी. ही झांज तू घे. आता सगळ्यांनी मिळून म्हणा —

ज्याचा नाही दोष । त्याने का सोसावे ।
आम्हीच निजावे । सुखे कैसे ॥