ओट्यासाठी एक ओळ

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बी रेहेमा, व्यासपीठावरचे काझीसाहेब, सत्कारमूर्ती बवानाहेरी गुरुजी आणि भरती गाठून होड्यांनी आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

गुरुजींच्या कवितेतलं गाव आपल्याला पाठ आहे. तिथे प्रत्येक दारापुढे दगडी ओटा असतो आणि तो घरमालकाचा नसतो, वाटसरूचा असतो. ओटा नसलेल्या घराला ते नुसत्या भिंती म्हणतात. शाळेत असताना मी विचारलं होतं, "असं गाव आहे कुठे, गुरुजी?" म्हणाले, "पोरी, बसलीयस कुठे ते बघ आधी." मी त्यांच्याच ओट्यावर बसले होते.

आता गुरुजी मोंबासाला निघालेत. त्यांच्या पत्नी रुकियाभाभींच्या उपचारांसाठी घर विकणं भाग आहे. यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. पण घेणारे लोक सोमवारी ओट्याला लोखंडी जाळी लावणार आहेत आणि उद्या करारावर सही आहे. त्या ओट्यावर म्वानाकोंबो रोज सकाळी विकायला मांदाझीचे गोड वडे तळते. तिच्या घरची चूल त्यावरच चालते. ती मागच्या रांगेत बसलीय.

काल तिला म्हटलं, "गुरुजींना विचार ना."

"मी? एवढं मोठं गाव बांधलंय त्यांनी कवितेत, माझी एक कढई मावेल कुठेतरी. तू विचार बाई, तुला शिकवलंय त्यांनी."

तेव्हापासून मी हे भाषण लिहितेय आणि फाडतेय. बायको आजारी असलेल्या माणसाकडे आदर्श मागावा का? तोही निरोपाच्या दिवशी? आणि नाही मागायचा, तर ती कविता उद्या वर्गात कोणत्या तोंडानं शिकवू?

गुरुजी, घर विकू नका असं मी म्हणत नाही. जन्मभर तुम्ही ओळी लिहिल्यात. करारात अजून एक घाला: ओटा उघडा राहील. घेणारे भाव पाडतील, कदाचित माघारही घेतील. मी काय मागतेय ते मला कळतंय.

आपल्याकडे निरोपाला पद्यात सवाल टाकतात आणि निघणारा पद्यात जवाब देऊन मगच कॉफीचा पेला उचलतो. मला पद्य कधी जमलं नाही, हे गुरुजींइतकं कुणाला ठाऊक? म्हणून साधंच विचारते. सोमवारी म्वानाकोंबोनं कुठे बसायचं?

मला बोलू दिलंत, आभारी आहे. अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. फक्त अध्यक्षांनी मला खाली बसायला सांगू नये. जवाब येईपर्यंत विचारणाऱ्यानं उभं राहायचं, हीही आपलीच रीत.

आणि गुरुजी, मागे बघा. म्वानाकोंबोही उभी राहिलीय.