आर्नेलच्या पोरांचे कपडे

गाव आमचं जतच्या खाली, पार कर्नाटकाच्या शिवंला लागून. कुसळं आन् दगडं, दुसरं काय न्हाई तितं. वडील शिंपीकाम करायचे, मशीनचं मुंडकं सायकलीच्या कॅरेजला बांधून आज ह्या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, जितं सावली मिळंल तितं बसायचं आन् फाटलं-उसवलं शिवून द्यायचं. मी त्यांच्या पुढ्यात बसून काजं करायला शिकलो, बटनं लावायला शिकलो, आन् शाळंत काय शिकलो म्हनाल तर काय बी न्हाई, खोटं कशाला बोलू. मंग इचलकरंजीला शर्टाच्या कारखान्यात, मंग लगीन, मंग एजंट, मंग कतार. असं एका दमात सांगतोय खरं, पन त्यात माझी निम्मी जवानी गेली बगा.

हितं अल खोरला दुकान हाय, म्हंजी माझं न्हाई, मालक हितला कतरी, चालवनारा केरळचा, मशीनवर मी आन् एक बांगलादेशी. अल खोर दोह्याच्या वर, समुद्राकडंला, रास लफानला गॅसच्या कारखान्यावर काम करनारी मानसं ऱ्हात्यात हितं. आपली पुन्या-नाशकाकडची इंजिनेर मंडळी बी हायत, त्यांच्या बायका ब्लाउज घेऊन येत्यात, दादा दादा करत्यात, गनपतीला पोरींच्या नऊवाऱ्या शिवून मागत्यात. पन त्या फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या आधीच्या सालांत ब्लाउज ऱ्हायलं बाजूला, दुकानात नुसते कव्हरॉल, म्हंजी मजुरांचा वरपासनं खालपतूर एकसलग शिवल्याला कामाचा पोशाख. काय सांगू तुमास्नी, सगळा मुलूख उकरून ठेवला व्हता, स्टेडियम म्हनू नका, रस्तं म्हनू नका, हॉटेलं म्हनू नका, आन् त्यावर राबनाऱ्या समद्यांच्या अंगात त्योच कव्हरॉल, छातीवर चमकती पट्टी. कुनाची बाही लांब, कुनाचा गुडघा फाटल्याला, कुनाची चेन गेल्याली. कंपनीची बस दारात थांबायची, यल्ला यल्ला, म्हंजी चला चला, करत मानसं उतरायची, आमी उभ्याउभ्या शिवून द्यायचो आन् ती तशीच परत बसमदी. वास यायचा त्या कपड्यास्नी, घामाचा आन् सिमिटाचा.

आर्नेल त्यातलाच. फिलिपिनो मानूस, परांचीवर फोरमन. ठेंगना, हसरा, दातात फट. मला कूया म्हनायचा, कूया म्हंजी त्यांच्यात थोरला भाऊ. बायको लिझा दवाखान्यात नर्स, म्हनून बिऱ्हाड हितं व्हतं, दोन पोरं, थोरला मिगेल, धाकला पाओलो. लिझाला मी सिस्टर म्हनायचो, नर्स म्हनून समदेच म्हनत्यात तसं. आमची बोली म्हंजी थोडं हिंदी, थोडं इंग्लिश, थोडं हातवारं, पन आडलं कदी न्हाई.

तर त्या आर्नेलच्या बहिनीचं लगीन ठरलं. मारिसेल तिचं नाव, दोह्यात पार्लरात केस कापायची. लगीन म्होरल्या थंडीत, चर्चात. त्यांच्यात बारकी पोरं नवरीच्या म्होरं चालत जात्यात, एकाच्या हातात उशीवर अंगठ्या, दुसऱ्याच्या हातात नान्यांची डबी, आन् त्या पोरांचे कपडे म्हंजी लई मोठा विषय बगा, नवरीच्या कपड्याइतकाच. बाप नसल्यामुळं मारिसेलला चर्चात हात धरून न्यायचं आर्नेलकडं आन् म्होरं चालायचं त्याच्या पोरांकडं. तवा एका शुक्कीरवारी चौघं बी दुकानात आली, आन् आली ती भांडतच आली.

लिझा मोबाइलवर फोटू दाखवायली, काळी पँट, काळं जाकीट, गळ्याला बो. असं शिवा म्हनली. आर्नेल म्हनला न्हाई, पोरं बारोंगच घालनार, मी बी लहानपनी मामाच्या लग्नात बारोंगच घातला व्हता. बारोंग म्हंजी त्यांचा मानाचा सदरा, लांब बाह्यांचा, पँटीच्या भायेर सोडायचा, छातीवर कशिदा, आन् कापड असं की आरपार दिसतंय, कांद्याच्या पापुद्र्यावानी. ते कापड त्येनं गावाकडनं कुनासंगं तरी मागवून ठेवलं व्हतं, पिशवीतनं काढून त्येनं ते माझ्या टेबलावर असं पसरलं की जनू पोथीच उघडतोय. रंग पांढुरका, सायीचा. मी म्हनलं, आर्नेलभाऊ, लग्नात पांढरं? बारक्या पोरास्नी? आमच्यात असं पांढरं कवा नेसत्यात ते तुमाला कसं सांगू. एखादा मोरपंखी कुर्ता शिवतो की झकास. तर नवरा-बायकू भांडन इसरून दोघं बी माझ्यावर हसली.

मिगेल काय ऐकंना. त्यो आठ-नऊ वर्साचा आसंल, सगळं इंग्लिशमदी बोलायचा. कापड टोचतंय, माझी छाती दिसती, शाळंतली पोरं हसतील, मी घालनार न्हाई म्हंजी न्हाई. पाओलोला तर फुटबॉलची जर्सीच पायजे व्हती. लिझा म्हनली बघ, मी सांगत व्हते. तवा आर्नेल खाली गुडघ्यावर बसला, कामावरनं आल्याल्या त्याच कव्हरॉलवर, पोराच्या तोंडासमोर तोंड आनलं आन् म्हनला, ह्याच कापडातनं मी बी शिवून घेतो. तुला खाजंल तवा मला बी खाजंल. दोघं मिळून खाजवू चर्चात, पाद्री बघू दे. मिगेल हसला. तितं ठरलं, एकाच कापडातनं तीन बारोंग, एक बापाचा आन् दोन पोरांचे, आतनं घालायला पांढरे बनेन.

आता माझी गंमत सांगतो. आमच्या वडलांनी शिकीवल्यालं, लेकराचं कापड शिवताना आत दाब ठेवायचा, म्हंजी शिवनीच्या आतल्या अंगाला जादा कापड सोडायचं, पोरगं वाढलं की उसवून ढिलं करता येतं. मी तसंच केलं, चांगलं बोट-बोट कापड दाबून ठेवलं, आन् मनात म्हनलं, दोन-तीन सालं तरी घालतील. फिटिंगला आले, आर्नेलनं सदरा उजेडात धरला आन् हसून हसून खाली बसायचा ऱ्हायला. आरपार कापड ना ते! आत दाबल्यालं सगळं भायेरनं दिसतंय, पट्ट्यावर पट्ट्या. कूया, म्हनला, हे माझ्या पोराचं एक्स-रे काढलंस का? काय करता, समदं उसवलं, जादा कापड कापून टाकलं आन् बारीक दुमडून परत शिवलं. डोळं गेलं माझं त्यात. पन मंग तिघं आरशाम्होरं उभी ऱ्हायली, बाप, थोरला, धाकला, एकसारखी. लिझानं फोटू काढला. खरं सांगतो, मला त्या पांढऱ्याचं काय बी वाटलं न्हाई मंग. लई गोड दिसली. कपडे दुकानातच ठेवा म्हनला आर्नेल, घरी ठेवलं तर पाओलो त्यात जेवायला बसंल.

उन्हाळा लागला. हितला उन्हाळा तुमास्नी सांगून कळनार न्हाई, वारा येतो त्यो भट्टीचं दार उघडल्यावानी येतो. दुपारचं काम बंद ठेवायचा सरकारचा नियम हाय, नियम हाय म्हंजी हाय, पन काम म्होरं ढकलायचं व्हतं, वर्ल्डकप काय कुनासाठी थांबनार न्हाई, असं त्या मानसांच्या तोंडातनंच मी ऐकायचो. त्या दिवशी दुपारची सुट्टी संपल्यावर आर्नेल परत परांचीवर चढला, वर पानी मागितलं, आन् पानी येस्तवर बसल्याजागी गेला. पडला न्हाई, ओरडला न्हाई. बसमदनं आल्याल्या त्याच्या मानसांनी मला सांगितलं, चेन दुरुस्त करायला आल्ते, कव्हरॉल हातात तसाच आन् सांगायला लागले. मी म्हनलं दुसरा कोन आर्नेल आसंल. न्हाई म्हनले, त्योच. कंपनीच्या कागदावर हृदय बंद पडलं म्हनून लिवलं, नैसर्गिक. एवढ्या उन्हात तरना मानूस मरतो ते नैसर्गिक, मला ह्याचा लई राग आला, आजून बी हाय, पन माझ्या रागाला कोन इचारतंय.

दोन-चार दिसांनी लिझा आली, पोरं घेऊन. डोळं कोरडे, नर्सचा वेशच अंगात. म्हनली, कूया, तीनी बारोंग दे. आर्नेलला त्याचा घालून पेटीत ठेवायचा, पेटी इमानानं गावाला न्यायची, आन् दफनाच्या दिवशी पोरं त्यांचे घालतील. मारिसेलचं लगीन? मी इचारलं. खलास, म्हनली. भाऊ गेल्याल्या सालात त्यांच्यात लगीन करत न्हाईत.

आता मी काय बोललो ते ऐका, चुकलो का बरोबर ते देवाला ठावं. मी म्हनलं, सिस्टर, आमच्यात मयताचं कापड ज्या ताग्यातलं, त्यातलं जित्या मानसाच्या अंगाला लावत न्हाईत. लेकरं हायत. मी आताच्या आता दुसरे सदरे शिवतो, तुमी म्हनलावता तसं काळं जाकीट शिवतो. ती म्हनली, आर्नेलनं पोरांना वचन दिलंय. मी कपाटातनं तीनी बारोंग काढले.

पन तिला बी भ्या व्हतंच. म्हनली, एक काम कर, आतनं घालायला पांढऱ्या बनेनऐवजी तांबडं शिव. पोरं घरात पेटीजवळ कितीतरी दिस बसनार, रात रात लोक जागनार, आन् आमच्यात अशा वक्ताला लेकरांच्या अंगावर तांबडं घालत्यात, म्हंजी गेलेला मानूस लेकरास्नी दिसत न्हाई, झोपंत येत न्हाई, सोबत न्हेत न्हाई. मला पटंना. मयताला तांबडं? आमच्यात तांबडं म्हंजी हळदी-कुंकवाचं. लग्नाला पांढरं आन् मरनाला तांबडं, असलं उलटं मी कदी शिवलं नव्हतं. पन आई हाय ती, तिच्या लेकरांच्या जिवाचं ती बघनार. अस्तराचं तांबडं सुती कापड व्हतं, तिला खुर्ची दिली आन् तितंच शिवायला बसलो. पोरं गप बसून मशीन बघत व्हती. पाओलो मधीच म्हनला, पपांना बी खाजंल का?

शिवून झालं, घालून बघा म्हनलं. तांबडं आत, वरनं बारोंग. आरपार कापड, समदं तांबडं भायेर दिसाया लागलं, कशिद्याच्या मागं जनू रगातच. पाओलो खूश झाला, त्याला जर्सीवानी वाटलं. मिगेल आरशात बघत ऱ्हायला. मंग त्येनं आईला इचारलं, हे घातलं की पपा मला दिसनार न्हाईत? लिझा म्हनली, न्हाई बाळा, तू भिऊ नको, न्हाई येनार. पोरानं बारोंग काढला, अगदी सावकाश, कुटं वढलं न्हाई. मंग तांबडं काढलं, घडी घातली आन् माझ्या मशीनवर आनून ठेवलं. उघडाच उभा ऱ्हायला, फासळ्या दिसत व्हत्या. म्हनला, अंकल, मला पपा आलेले पायजेत.

लिझा त्याच्यावर वरडली, त्यांच्या भाषेत, काय वरडली कळलं न्हाई, आन् मंग तितंच कापडाच्या चिंध्यांत बसली आन् रडाया लागली, इतके दिस आडवून ठेवल्यालं समदं भायेर आलं. पोरगं हाललं न्हाई. मी काय करू? बांगलादेशी भायेर निघून गेला. शेवटी तिनंच नाक पुसलं आन् मला म्हनली, त्याला पांढरं दे, कूया. मी बनेन काढलं आन् माझ्या हातानं त्याच्या डोक्यातनं घातलं, वरनं बारोंग, एकएक बटन लावलं. एक पोरगं तांबडं, एक पांढरं, अशी दोघं दुकानातनं गेली. काखंत आर्नेलच्या बारोंगाची पिशवी घेऊन लिझा मागनं गेली.

माझे वडील गेले तवा मी हितंच व्हतो, मालकानं सोडलं न्हाई. त्यामुळं मला त्या पोराचं कळतं. माझे वडील मला सपनात येत्यात, बोलत न्हाईत, पन येत्यात, आन् ज्या दिवशी येत्यात त्या दिवशी माझं काम बरं व्हतं.

वर्ल्डकप झाला. दिवं, गानी, जगभरची मानसं. समदे इचारत्यात बघितलास का मॅच, मी म्हनतो न्हाई बाबा, मी कव्हरॉल शिवत व्हतो. आता कव्हरॉल बी कमी झालेत, परत ब्लाउज आलेत. मारिसेल मदी एकदा आली व्हती, पार्लरचा एप्रन घेऊन, लगीन आजून झाल्यालं न्हाई तिचं, ज्याच्याशी ठरलं व्हतं त्यो पोरगा बी काम संपल्यावर दुसऱ्या देशात गेला. लिझा गावाकडंच हाय म्हनली, तितल्या दवाखान्यात. मी मिगेलचं इचारलं, बाप आला का त्याच्या सपनात. ती म्हनली, फोनवर दर येळंला मीच इचारते त्याला. आजून न्हाई म्हनतो.

मी काय मोठा मानूस न्हाई, माझ्या म्हनन्यानं काय व्हतंय. पन सांजच्याला दुकान बंद करताना हात जोडतो तवा घरच्यांचं झालं की ह्ये बी मागतो. आर्नेलभाऊ, लई लांब हाय तुमचं गाव ठावं हाय मला, पन एकदा जा. पोरगं वाट बघतंय.