घिरटावर बसलेला मिस्त्री

सावर्ड्याच्या दुकानदार मंडळींनो, गावोगावहून आलेल्या बायाबापड्यांनो, दत्तारामच्या घरच्या माणसांनो. या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत खरं. पण आतापर्यंत त्याचं जे गुणगान झालं, ते ऐकून मला जरा संशयच आला. हीच मंडळी बाजारात दत्ताराम दिसला की वाट बदलायची. मीही बदलायचो.

दत्ताराम मुंबईला गिरणीत मिस्त्री होता. नोकरी सोडून गावी आला, छोटा कारखाना काढला आणि भात भरडायचं लोखंडी यंत्र बनवलं. हाताने फिरवायचं. मुंबईची नोकरी सोडून कोणी येतं का हो? आम्ही म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

माझ्या ओटीवर आला. दाते, चाकं, काय काय सांगत बसला. मग बरोबर आणलेलं भात भरडून दाखवलं. मी म्हटलं, "भात तुझं का? माझं का नको?" त्याचं भात उकडून वाळवलेलं होतं. बिनउकड्या भाताची कणी होते, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, चांगलं तेवढंच दाखवावं. आमच्याकडे चांगलं तेवढंच दाखवणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही.

दाराआडून आमचं कुटुंब म्हणालं, "पन ह्या फिरवणार कोन? बाप्ये की आमी?" तो यंत्र उचलून चालता झाला.

वर्ष गेलं. एक यंत्र खपलं नाही. कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली. तेव्हा पुन्हा आला, रिकाम्या हाताने. म्हणाला, "भाऊ, वयनींना इचारा, मी जरा तुमच्या घिरटावर बसू काय?"

परका पुरुष, माझ्या मागीलदारी, बायकांत बसून भात भरडायचं लाकडी घिरट फिरवणार? मी तिथंच बाज टाकून पहारा दिला. सकाळभर त्याने भात भरडलं. स्वतःच्या यंत्राचं नाव काढलं नाही. एकच विचारत होता, "वयनी, दुखता खंय? नको काय वाटता?" कुटुंबाने सांगितलं, तुझ्या यंत्राचा दांडा उभ्या माणसाचा. आम्ही बसून फिरवतो, मांडीवर पोर घेऊन.

दांडा खाली घेऊन तो परत आला. आणि म्हणतो काय, "बिनउकडं भात भरडणार असाल तर यंत्र घेऊ नका." विकायला आलेला माणूस घेऊ नका म्हणतो. माझा संशय दुप्पट झाला. पण कुटुंबाने यंत्र ठेवून घेतलं. पुढे तो गावोगाव आधी मागीलदारी गेला, मग ओटीवर. कारखाना उभा राहिला, तो असा.

परवा तो अंथरुणाला खिळलाय कळलं, म्हणून बघायला गेलो. हात हातात घेतला आणि म्हटलं, "दत्ताराम, यंत्र झकास चाललंय हो तुझं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. तो उठून बसायला लागला. "भाऊ, खरा सांगा. काय मोडला?" काही नाही रे, म्हटलं. "मग असा का बोलताव?" मुलाला म्हणाला, हत्यारांची पिशवी काढून ठेव, उद्या भाऊंकडे जायचंय. उजाडायच्या आत गेला. माझं त्याला पटलंच नाही. फार लागलंय ते मला.

तेव्हा मंडळी, गुणगान पुरे. उभे राहा, आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका. न बोलणाऱ्यावर तरी तो विश्वास ठेवील.