नवतप्यातली वाघीण

...अन् थेही भर दुपारी! तुमाले सांगते, नवतपा चालू, मे महिन्यातले थे नऊ आगीचे दिवस, डांबर चपलेले चिकटून राहिलं, कुत्रे नालीत जाऊन झोपले, अन् आमच्या लेआउटचा उन्हाळी महोत्सव भर दुपारी! काहून बाप्पा? संध्याकाळ कोनी चोरून नेली का?

मी इचारलं ना. सोडते का मी! भैयाजी आमचे अध्यक्ष. निवडून कोनी दिले, माहीत नाई. एकदा माईक हातात आला, तवापासून सोडलाच नाई. म्हटलं, "भैयाजी, दुपारी काहून?" तर मान वाकडी करून, "वहिनी, समजून घ्या ना, स्पॉन्सर संध्याकाळी नाई म्हणते. शेवटी कार्यक्रम पोट्ट्यायचा आहे!"

स्पॉन्सर कोन? चंपतराव, कूलरचं दुकान. पहिले घरोघरी वर्गणीच ठरली होती, पण आमचे लोकं कसे? दारात नवी गाडी, अन् वर्गणी म्हटलं की बाई म्हणते, "साहेब घरी नाईत जी"... अन् साहेब मागं सोफ्यावर पाय हलवून राहिले, मले दिसून राहिले! मंग भैयाजीनं चंपतरावले आणलं. थे म्हणे, मंडप माहा, खुर्च्या माह्या, नाश्ता माहा, पण दुपारीच ठेवा. "संध्याकाळी माह्या कूलरची गंमत कोनाले कळन? मानूस आधी भाजला पायजे!"

भाजला पायजे! मानूस आहे का वांगं?

आता खरी गोष्ट ऐका. कोपऱ्यावरच्या घरची रितिका, कॉलेजात शिकते, तिनं गच्चीवर पोट्ट्यायचं नाटक बसवलं. सुट्टीत गावाले न गेलेले सारे पोट्टे तिच्याकडं. जंगलातली वाघीण सुट्टीत नागपूरले येते, अन् इथलं ऊन पाहून पळून जाते, असं नाटक. मी पोळ्या लाटता लाटता ऐकून एकटीच हसत राहायची. वाघीण झाली सोनिका, दुसरीतली, समोरचे दात पडलेली, गुरगुरली की शिट्टीच वाजे! तिच्या मायनं जुन्या ब्लँकेटचा वाघिणीचा ड्रेस शिवला. तवा कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून शिवला ना बिचारीनं!

तर भैयाजीनं तालीम पाहिली अन् म्हणे, "रितिका, मस्त आहे वं. फक्त वाघीण पळवू नको. थे कूलरसमोर बसन अन् म्हणन, आता मी नागपूर सोडत नाई!"

पोरीचे डोळे भरले. "काका, मंग नाटकात राहिलं काय?"

"अवं, असं नको करू. कार्यक्रम पोट्ट्यायचा आहे!"

उजाडला तो दिवस. मंडपात कूलर समोर, पोट्टे मागं! पहिले चंपतरावचं भाषण, मंग भैयाजीचं चंपतरावबद्दल भाषण, मंग चंपतरावनं भैयाजीले शाल! शाल हो! नवतप्यात! अन् इकडं सोनिका ब्लँकेटमध्ये लाल टमाटर होऊन माह्या मांडीले टेकलेली, "आजी, माहा नंबर कवा?" मी ब्लँकेट काढाले गेली तर रडाले लागली, "मंग मी वाघीण कशी दिसन?" हाव ना, कार्यक्रम पोट्ट्यायचा आहे! मले असा राग आला, उठली अन् थेट स्टेजवर. म्हटलं, "भैयाजी, पोट्टी शिजून राहिली, बंद करा थे!"

तर भैयाजी माईकवर काय म्हणते? "पाहा, आमच्या वहिनीचा उत्साह! टाळ्या!"

तेवढ्यात चंपतराव ओरडला, "आता अनुभवा!" सारे कूलर एकदम चालू. फुर्रर्र... फट्! डीपी उडाली. मंडपाची लाईट गेली, साऱ्या लेआउटची गेली, अन् माईक मेला. त्या माईकचं मरण पाहून मले जे समाधान झालं ना...!

रितिका उठली. पोट्ट्यायले घेऊन मंदिरामागच्या कडुलिंबाखाली गेली. मी सोनिकाले ब्लँकेटातून सोडवलं, पाणी पाजलं, ओल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. रितिकानं तिच्या गालावर काजळाचे पट्टे ओढले अन् म्हणे, "झाली वाघीण!" लोकं खुर्च्या उचलून मागं आले, तो सोफ्यावरचा साहेबही आला. अन् काय नाटक झालं बाप्पा! शेवटी वाघीण पळाली, पळाले पायजे तशीच पळाली, शिट्टी वाजवत! मानसं पोट धरून हसले. माह्या तर डोळ्यात पाणी.

अन् मंग? मंग भैयाजी! खांद्यावर शाल, पोट्ट्यायच्या मधात उभा. "मित्रहो, वीज वाचवा, झाडाखाली या, हाच आपल्या समितीचा संदेश होता!"

संदेश! अन् लोकं टाळ्या वाजवून राहिले! मी हात बांधून बसली. नाई म्हणजे नाई. पण सोनिका समोरच उभी, थे बोळकं उघडून माह्याकडंच पाहून राहिली... आता नाई वाजवल्या तर लेकराले काय वाटन? वाजवल्या. जोरात वाजवल्या. तिच्यासाठी. तर भैयाजी माह्याकडं पाहून हात जोडून कमरेत वाकला अन् म्हणे, "वहिनी, पाठिंबा असाच राहू द्या!"

राहू देते म्हटलं बाप्पा... काय करता!